उलटे बगळे

"हॅलो?… हां ताई, बोल… नाही गं, कामात नाही. म्हणजे आहे, पण तू बोल."

धाकटीनं फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबला आणि दोन्ही हात कापडाला मोकळे केले. फोन असा धरायचा नाही, मान कायमची वाकडी होईल, असं तिला मानेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. डॉक्टरांना थोरली बहीण नसावी.

धाकटी पडदे शिवते. घरांचे, दवाखान्यांचे, एकदा तर नाट्यगृहाचासुद्धा शिवला. पुढे दुकान, मागे मशीन आणि मधल्या टेबलावर या घटकेला एका हॉटेलवाल्याचं निळं कापड अर्धं कापून पसरलेलं. हॉटेलवाल्याला पडदे आज हवे होते. थोरलीला बहीण आत्ता हवी होती.

"कसला निषेध?… तू अध्यक्ष?… अरे वा, अभिनंदन!… नाही गं, चेष्टा कशाला करू… पण कोणाविरुद्ध?… 'झाकली मूठ'?… हो हो, ऐकलंय. डोक्यात खाकी कागदी पिशवी घालून बसतो तोच ना? डोळ्यांच्या जागी दोन भोकं… आणि बोलतो बदकासारखा… अगं, मूळचा नसेल तसा आवाज, मशीनवर बदलत असतील… मी नाही बघत. माझी गिऱ्हाइकं बघतात. शिव्या देतात आणि पुढचा बघतात."

'झाकली मूठ' हे त्या इसमाच्या चॅनेलचं नाव. तो आठवड्याला एक व्हिडिओ टाकायचा आणि आठवडाभर लोक त्याच्यावर चिडायचे. पाहुण्यांपुढे मुलांना नाच करून दाखवायला लावणाऱ्या आईबापांकडून दंड घ्यावा, असं तो म्हणाला तेव्हा आईबाप चिडले. 'दोनच शब्द बोलतो' म्हणून सभेत उभा राहणाऱ्या माणसाला खरोखरच दोन शब्दांनंतर खाली बसवावं, असं म्हणाला तेव्हा सगळे पुढारी चिडले आणि बाकीच्यांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला. चिडणं आणि पाठवणं ही कामं हल्ली एकाच अंगठ्यानं होतात.

"तुमच्या इमारतीतला?… कशावरून?… लिफ्टमधली पाटी? 'लिफ्ट आपलीच समजून वापरा' वाली?… ती दाखवली त्यानं?… आणि दोन शब्द म्हणजे तुमचे सेक्रेटरी… हं. मग तुमच्यातलाच कोणीतरी… हसत नाहीये गं. खोकला आला."

तिनं कात्री कापडात पुढे सरकवली.

"बरं, या वेळी काय म्हणाला?… बहिणी?… लग्न झालेल्या बहिणींनी फोनवर दिवसाला दहाच मिनिटं?… कायद्यानं?… आणि अकराव्या मिनिटाला लाइन आपोआप बंद… नाही नाही, भयंकर आहे… आक्षेपार्ह आहे, हो… कुटुंबव्यवस्थेवर घाला, मान्य… अगं, मान्य म्हटलं ना! घाला म्हणजे घाला."

थोरलीला राग आला की ती छापल्यासारखी बोलते. 'तीव्र', 'समस्त' आणि 'यापुढे खपवून घेतलं जाणार नाही' हे शब्द ती अशा वेळी कुठून काढते कोण जाणे. एरवी सुई मागायची तर 'ते हे दे' म्हणणारी बाई.

"आज? म्हणजे आत्ता तासाभरात?… खालच्या हॉलमध्ये… मोठ्या स्क्रीनवर दाखवणार? समस्तांना?… म्हणजे ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांना आधी दाखवायचा, आणि मग निषेध… नाही, बरोबर आहे. निषेध कसा माहितीपूर्ण हवा… हां, आणि सगळ्यांनी मिळून ओळखायचा. हातवाऱ्यांवरून… आणि सापडला की?… माफी. हॉलमध्ये उभं राहून. पिशवी काढून… आणि त्याचा व्हिडिओ कोण काढणार?… तू. बरं."

कात्री थांबली. पुढचा प्रश्न धाकटी रोज विचारायची, तसाच तिनं आजही विचारला.

"आणि भावोजी कसे आहेत?… झोपलेत… मागच्या खोलीत… रोजचंच ना ते. बरं, मी विचारलंय म्हणून सांग हं."

थोरलीचा नवरा बहिऱ्या लोकांच्या कानांना यंत्रं बसवायचा. सकाळभर दुकानात 'आता ऐकू येतंय का, आता येतंय का' असं विचारायचं, दुपारी घरी यायचं, जेवायचं आणि मागच्या खोलीत दार लावून घ्यायचं, असा त्याचा दिवस. 'भावोजी कसे आहेत' याला थोरलीकडे तीन उत्तरं होती: झोपलेत, आहेत आणि त्यांचं काय. धाकटीचा निरोप तिनं आजवर एकदाही पोचवला नव्हता. विसरायची. लपवण्याजोगं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

"आत्ता बघू?… अगं, हॉटेलवाल्याचे पडदे… माझं मत कशाला हवंय तुला, मी काय तुमच्या इमारतीत… बरं बाई, बघते. थांब. नमुन्यांच्या स्क्रीनवर लावते."

दुकानात गिऱ्हाइकांना पडद्यांचे नमुने दाखवायला भिंतीवर एक भली मोठी स्क्रीन होती. त्यावर आता खाकी पिशवी अवतरली.

"हो, चालू आहे… दोन खुर्च्या मांडल्यात त्यानं. एकदा या खुर्चीत बसतो, एकदा त्या… कळलं गं, इकडची बहीण आणि तिकडची बहीण… कोण? तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या नाच शिकवणाऱ्या बाई?… हुबेहूब?… त्यांचीच नक्कल म्हणतेस? असेल. मला कुठे माहीत त्या… तुला त्यांच्यासाठी वाईट वाटतंय?… तू तर म्हणत होतीस, त्या शिष्ट… बरं, निषेधापुरतं वाईट वाटतंय. ऐकू दे जरा."

स्क्रीनवर पिशवी या खुर्चीतून त्या खुर्चीत उड्या मारत होती. धाकटीनं हातातली कात्री टेबलावर ठेवली, अगदी हळू, झोपलेल्या बाळाशेजारी ठेवावी तशी.

"ताई… 'केस काळे केले म्हणून अक्कल उगवत नाही.' हे कोणाबद्दल बोललीस तू?… व्हिडिओचं नाही विचारत. तू मला बोललीस. परवा… हां. सेक्रेटरींच्या बायकोबद्दल… आणि आता तो म्हणतोय, 'रंग तिच्या डोक्याला आणि डाग आमच्या कठड्याला'… तेही तुझंच… ऐक ना, 'माझ्या फ्रिजचा आवाज येतो म्हणे खालच्यांना, आणि त्यांच्या पोराची गिटार काय मुकी आहे?'… ताई, ही नाचाच्या बाईंची नक्कल नाहीये. ही तुझी आहे… वाक्य न् वाक्य तुझं आहे."

थोरली गप्प बसली की धाकटीला लहानपणापासून धडकी भरते. कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही की भरते तशी.

"फोन टॅप?… तुझा फोन कोण टॅप करेल?… अगं, पोलिसांना सांगशील काय? फ्रिजबद्दलची गोपनीय माहिती फुटली म्हणून?… हो, गंभीर आहे. गंभीर आहे, पण… थांब ना. माझं ऐक. टॅप नाहीये… कारण माझी वाक्यं चुकलीत."

ती स्क्रीनच्या जवळ गेली. तिकडच्या बहिणीच्या खुर्चीत बसून पिशवी मान वेळावत किंचाळत होती.

"तुझी वाक्यं शब्दाला शब्द बरोबर आहेत. माझं एकही बरोबर नाही. ही बघ, तिकडची बहीण म्हणते, 'सोड गं त्याला, त्याला काय कळतंय'… मी कधी म्हटलं असं?… 'नवरा म्हणजे कोपऱ्यातली छत्री. पाऊस आला तर आठवायची'… अगं, मी म्हटलं का असं? कधीतरी?… नाही ना?… फोन टॅप केला असता तर माझंही ऐकू आलं असतं. या माणसाला फक्त तू ऐकू येतेस. माझं तो मनानंच रचतोय… नाही, मला राग नाही आला. मला काय झालंय."

पण झालं होतं. रोज 'भावोजी कसे आहेत' विचारणाऱ्या बाईला त्या पिशवीनं कळलावी केली होती. बदकाच्या आवाजात ती बहिणीच्या कानात विष ओतत होती, आणि खाली लोकांनी लिहिलं होतं: 'ती दुसरी बहीणच खरी घरफोडी.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. धाकटीनं अनोळखी लोकांकडून इतका अपमान एकगठ्ठा कधी करून घेतला नव्हता. हॉटेलवाल्याकडूनसुद्धा नाही, आणि तो तर उचल देतानाही अपमान करायचा.

"म्हणजे कसं, तू बोलतेस तेव्हा कोणीतरी आसपास असतं… कोण?… मावशी?… अगं, तुझ्याकडे केरलादीला येणाऱ्या त्या मावशी? त्या कशाला… खुर्चीवरून उड्या मारतील का या वयात?… नाही, भाचा असेल त्यांचा, पण म्हणून… ताई, थांब. ताई! आत्ता कुठे आहेत त्या?… खाली हॉल झाडतायत… अगं, सगळ्यांसमोर कशाला विचारतेस? आधी नीट… कामावरून काढून टाकणार? आजच? अगं, इतकी वर्षं त्या…"

आणि इथे धाकटीचं लक्ष पिशवीवरून सुटलं आणि तिच्या मागे गेलं. पडदे शिवणाऱ्या बाईचं आधीच तिकडे जायला हवं होतं, पण मनुष्य दुखावला गेला की धंदा विसरतो.

पिशवीमागे पडद्यांची एक जोडी होती. राखाडी कापडावर पांढरे बगळे. डावीकडचे बगळे रांगेनं वर आभाळात चालले होते. उजवीकडचे तितक्याच शिस्तीत डोकं खाली करून जमिनीत घुसत होते.

अशी जोडी जगात एकच होती, आणि ती धाकटीनं शिवली होती. कापडाला दिशा असते. चित्र वर बघतंय की खाली, हे कात्री लावायच्या आधी तपासायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. तो ती आयुष्यात एकदा विसरली, थोरलीच्या नव्या घरासाठी भेट म्हणून द्यायचे पडदे शिवताना. त्या वेळीही फोन खांद्यावर होता. फोनवर थोरलीच होती.

"नाही… नाही, लाइन गेली नाही. आहे मी."

तिनं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. मग उठली. दुकानाचं दार लावलं, पुन्हा उघडलं. निळ्या कापडावरच्या टाचण्या उगाच गोळा केल्या आणि परत तिथेच टोचल्या. सांगावं तर बहिणीच्या संसाराला आपल्या हातानं काडी लावायची. न सांगावं तर तासाभरात मावशींचं काम जाणार, तेही भर सभेत, माहितीपूर्ण निषेधानंतर.

"ताई, तू खाली जाऊ नकोस… असंच… असंच म्हणजे, घाई कशाला? उद्या घ्या ना सभा… सगळे जमलेत, हो, पण… स्क्रीन बिघडली म्हणून सांग… मी कोणाला पाठीशी घालत नाहीये!… आवाज कुठे चढवला मी?… बरं, चढवला. कारण हे मावशींनी केलेलं नाही गं… मला माहीत आहे… कसं माहीत म्हणजे… ताई, तू असं कर, तो व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावशील तेव्हा सेक्रेटरींची बायको पहिल्या रांगेत असेल ना? केसांचं वाक्य त्यात दुसऱ्याच मिनिटाला आहे… हां. आता आलं लक्षात? नाचाच्या बाईंची नक्कल आहे असं फक्त तुलाच वाटतंय."

या मुद्द्यानं थोरली खाली बसली असावी. खुर्ची करकरलेली ऐकू आली.

"बसलीस ना? बरं. आता मी एक विचारते, त्याचं नुसतं उत्तर दे. मी तुला बगळ्यांचे पडदे दिले होते, आठवतात?… हो, तेच, उलटे. मी बदलून देते म्हणाले होते आणि तू… आठव, काय म्हणालीस?… हां. 'राहू दे गं, मागच्या खोलीत लावते. तिथे कोण बघतंय.'… अजून तिथेच आहेत ना?… ताई, व्हिडिओ लाव परत. आवाज बंद कर. पिशवीकडे बघू नकोस. पिशवीच्या मागे बघ."

धाकटीनं डोळे मिटून घेतले. तिच्या स्क्रीनवर बगळे आपले उडत होते, अर्धे वर, अर्धे खाली. ज्या खोलीत कोण बघतंय म्हणून ते टांगले होते, तिथले ते आता लाखभर लोकांनी पाहिले होते, आणि त्यातल्या एकालाही ते उलटे आहेत हे दिसलं नव्हतं. सगळे पिशवीवर चिडण्यात गर्क होते. थोरलीला तर ते रोज ती खोली आवरताना दिसायचे.

"…ताई?… बोल काहीतरी… हो… हो गं, तेच… मीही आत्ताच पाहिलं… नाही, झोपत नसणार ते. तुला काय वाटलं, रोज दुपारी इतकं कोणी झोपतं का?… अगं, दार कशाला फोडतेस, त्याला कडी असेल, वाजव… नको! आत्ता नको वाजवूस! आधी पाणी पी… तो माणूस भित्रा आहे आणि तू चिडलेली आहेस, अशा वेळी दार बंदच बरं असतं."

थोरली आता एका दमात बोलत होती. धाकटी ऐकत होती आणि मधेमधे हुंकार देत होती.

"हं… हं… फसवलं, हो… तुझी वाक्यं वापरली, चूकच आहे… माफी मागायलाच हवी… नाही, मी त्यांची बाजू नाही घेत. मला घरफोडी म्हणतायत लोक, मी कशाला बाजू घेऊ?… पण ताई, एक सांगू? चिडू नकोस… त्या अख्ख्या व्हिडिओत तुझी इतकी वाक्यं आहेत. केस आहेत, कठडा आहे, फ्रिज आहे. त्यांच्याबद्दलचं एक तरी आहे का?… वाईट नाही गं म्हणत मी. वाईट नाहीच बोललीस तू. बरंही नाही. काहीच नाही… म्हणून त्यांनी ते माझ्या तोंडी घातलं. छत्रीचं. कोणीतरी त्यांच्याबद्दल बोलायला हवं होतं ना."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडू नकोस. अध्यक्षांनी रडायचं नसतं… हां, हस. ऐक आता. फोन स्पीकरवर टाक… टाक गं. आणि मागच्या खोलीच्या दाराशी जा… काही बोलू नकोस तू. मी बोलते… टाकलास?… दाराजवळ धर. अजून जवळ."

तिनं मान सरळ केली, पहिल्यांदाच फोन हातात घेतला आणि तोंडासमोर धरला.

"भावोजी? मी बोलतेय. तिकडची… दार उघडू नका हवं तर. दोनच शब्द बोलते. मला खाली बसवू नका… एक म्हणजे, तुमच्यापायी मावशींचं काम जात होतं, थोडक्यात वाचलं. पिशवी घातली म्हणून दगड दुसऱ्याला लागत नाहीत असं नसतं… दुसरं, मी छत्री म्हणाले नव्हते. तुमच्या घरी फोनची एकच बाजू ऐकू येते, म्हणून तुम्ही दुसरी रचलीत. दिवसभर लोकांना 'आता ऐकू येतंय का' विचारता ना तुम्ही? मग आज मी विचारते. ऐकू येतंय का?… बरं. मग हे घ्या, मी रोज काय विचारते ते. भावोजी, कसे आहात? जेवलात का?"

फोनमधून एक बारीक आवाज आला, तो तिनं ताबडतोब ओळखला. पडद्याच्या रिंगा दांडीवरून सरकल्या होत्या. मग कडी. मग कागद चुरगळल्याचा आवाज.

"…काय?… हो, ऐकतेय… एकट्यानंच?… रोज?… त्याला जेवण म्हणत नाहीत भावोजी, त्याला उरकणं म्हणतात… नाही, मला नका सांगू. ज्या उभ्या आहेत समोर, त्यांना सांगा… ताई, आहेस ना?… नाही, मी नाही बोलणार आता. तूही माझ्याशी नको… सेक्रेटरींना सांग, अध्यक्षांना बरं नाही… त्यांना चालेल. त्यांना दोन शब्द बोलायला मिळतील… हो, भांड ना. भांड त्यांच्याशी. मी नको म्हणते का?… पण दार उघडं ठेवून भांड… नाही गं, पडदे नका काढू. मी येऊन बदलून देईन… नको? राहू देत म्हणतायत?… भावोजी म्हणतायत?… बरं. राहू देत… ताई, ठेवते मी… अगं, ठेवते म्हटलं ना!"

आणि तिनं फोन ठेवला. आजवर तो नेहमी थोरलीच ठेवत आली होती.

हॉटेलवाला दारात येऊन उभा होता, तोंड उघडून. धाकटीनं त्याच्याकडे न बघता निळं कापड उचललं, उलटसुलट करून दिशा पाहिली आणि मशीनखाली घातलं. सुई खाली सोडण्याआधी तिचा खांदा सवयीनं कानाकडे गेला. तिथे काही नव्हतं. खांदा खाली आणायला तिला जरा वेळ लागला.